कपाटातील पुस्तके आणि गावातील वाचन

दुसरीच्या अखेरीस पुष्कळ मुले अक्षरे ओळखू लागतात. जोडाक्षरेही अडखळत का होईना, पण लावतात. मुलाला वाचता येऊ लागले, असे मानून शिक्षक येथे निश्चिंत होतो. वस्तुतः खरी काळजी याच टप्प्यावर घ्यावयाची असते. मुलाचे सारे लक्ष अक्षरे जुळविण्यात गुंतले, तर वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विस्मरणात जातो व अर्थ हाती लागत नाही. सोपा आणि नवा मजकूर पुष्कळ वाचावयास मिळाला म्हणजे हा अडसर दूर होतो. पाठ्यपुस्तकातील धडा मुलाला बहुधा तोंडपाठ असतो; तो म्हणून दाखविणे म्हणजे वाचणे नव्हे.

गोष्टींची पुस्तके अनेक शाळांत आहेत, पण ती कुलूपबंद कपाटात. हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब कोणी द्यावयाचा, ही शिक्षकाची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. यासाठी पुस्तके घरी देण्याचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ठराव नोंदवून घ्यावा आणि फाटलेल्या प्रतींच्या निर्लेखनाची रीत केंद्रप्रमुखांकडून समजून घ्यावी. देवघेवीची वही चौथीच्या मुलांनी सांभाळावी.

गावात किंवा शेजारच्या गावात 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेले सार्वजनिक ग्रंथालय असल्यास तेथील बालपुस्तकांची चौकशी करावी. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे 4 मे 2017 पासून गावकऱ्यांच्या घरांतूनही पुस्तके वाचावयास ठेवण्यात आली. तेवढा व्याप सर्वत्र साधणार नाही. परंतु ओसरीवरील एक फळी कोणत्याही वाडीत मिळू शकते.

याहून जवळचे साधन म्हणजे गावातील वडीलधारी माणसे. एखाद्या आजीला शाळेत बोलवावे, तिला गोष्ट सांगावयास लावावे आणि ती तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी. तिला स्वतःला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. अहिराणी असो, वऱ्हाडी असो वा मालवणी, तेथे शब्द ‘शुद्ध’ करू नयेत. ऐकलेली गोष्ट आपल्या बोलीत समोर आली म्हणजे मुलाला पुढील शब्दाचा अंदाज बांधता येतो. पाठ्यपुस्तकाची भाषा अर्थात शिकवावयाचीच आहे. तिच्याकडे जाण्याची ही पायरी होय. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, बियाण्यांच्या पिशव्या हेही वाचनाचे साहित्यच.

फळ्यावरील गोष्ट कागदावर उतरवून मुलाबरोबर घरी द्यावी. दुसऱ्या दिवशी तिच्यातील दोन वाक्यांची अदलाबदल करून मुलाकडून वाचून घ्यावी. मूल पाठ म्हणते की वाचते, हे तेथे कळून येते.