टोपणनाव घेतलं म्हणजे माणूस सापडत नाही का?

प्रश्न : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्या संस्थेत जे चालतं त्याबद्दल टोपणनावाने इंटरनेटवर लिहावं, असं बरेच दिवस मनात आहे. घरचे म्हणतात, आजकाल काही लपत नाही, उगाच नोकरी घालवून बसाल. मित्र म्हणतो, व्हीपीएन घे आणि बिनधास्त लिही. खरं कोणाचं? इंटरनेटच्या काळात माणसाला निनावी राहता येतं का?
— एक वाचक (नाव-गाव न छापण्याची विनंती मान्य केली आहे)

उत्तर : दोघांचंही अर्धं खरं. निनावी राहता येतं. पण कोणापासून, हे ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. संस्थेच्या अध्यक्षांपासून लपणं वेगळं, पोलिसांपासून लपणं वेगळं आणि साऱ्या जगापासून कायमचं लपणं आणखीच वेगळं. शिवाय पकडला जाणारा माणूस बहुतेक वेळा कॉम्प्युटरमुळे पकडला जात नाही. तो कशामुळे पकडला जातो, त्याकडे ओघाने येतोच.

टोपणनावामागे राहून सुनावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीने पत्रं येऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८८५ मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर 'ए हिंदू लेडी' अशा सहीने पत्रं छापून आली. ती रखमाबाईंची होती. याच पुढे डॉक्टर रखमाबाई झाल्या. त्या काळी संपादकाने तोंड बंद ठेवलं की गुपित बऱ्यापैकी सुरक्षित राहायचं.

आज तुम्ही चार ओळींची पोस्ट टाकलीत, तरी त्या गुपिताला वाटेकरी किती? तुम्हाला सिमकार्ड देणारी कंपनी, घरी वायफाय पुरवणारी कंपनी, ज्या साइटवर लिहिलंत ती कंपनी, शिवाय फोनमधली डझनभर अ‍ॅप्स. यांतल्या कोणालाही तुमच्या लेखाशी देणंघेणं नाही. पण नोंद प्रत्येकाकडे राहते.

पोलिसांनी शोधायचं ठरवलं तर?

तर सापडण्याचीच शक्यता जास्त. समजा, तुमच्या लेखावरून गुन्हा नोंदला गेला. तपास अधिकारी साइटच्या कंपनीला विचारतात की हे खातं कोणत्या नंबरवरून उघडलं आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता वापरलं. मग तो पत्ता घेऊन ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे जातात. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यामुळे नुसता पत्ता पुरत नाही, नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. पण तेही नोंदलेलं असतं, आणि या नोंदी किमान दोन वर्षं जपण्याचं बंधन दूरसंचार परवान्यातच आहे. तिथून ग्राहकाचा नंबर मिळतो आणि नंबरमागे तुमची केवायसीची कागदपत्रं असतात.

मग व्हीपीएन?

व्हीपीएन घेतलं की साइटला तुमच्याऐवजी व्हीपीएनवाल्याचा पत्ता दिसतो. म्हणजे गुपित नाहीसं होत नाही, ते फक्त व्हीपीएन कंपनीच्या हाती जातं. सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये भारतातल्या व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि संपर्क पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. ते न पटल्यामुळे काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच हलवले.

याहून पक्की सोय म्हणजे टॉर. त्याची मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली. तुमचा संदेश तीन वेगवेगळ्या थांब्यांवरून जातो आणि कुठून निघाला व कुठे पोचला, या दोन्ही गोष्टी एकाही थांब्याला कळत नाहीत. तरीही डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातला एक विद्यार्थी फसला. परीक्षा टळावी म्हणून त्याने टॉरमधून बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे ईमेल पाठवले. टॉर कोणी तोडलं नाही. ईमेल टॉरमधून आला एवढं दिसलं, आणि त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर कोण वापरत होतं ते पाहिलं गेलं. असे मोजकेच जण निघाले. चौकशीला माणूस दारात आल्यावर त्याने कबुली दिली. लपायला गर्दी लागते, ती त्याच्याजवळ नव्हती.

पण अध्यक्षांना या नोंदी कोण देणार?

कोणी देणार नाही. मात्र अध्यक्षांना त्या नोंदींची गरजही पडणार नाही, आणि तुमचा खरा धोका इथेच आहे. तुम्हाला तुमचा लेखच पकडून देईल.

थोडं गणित करू. हो-नाही अशा प्रत्येक प्रश्नाने गर्दी निम्मी होते असं धरलं, तर जगातल्या आठशे कोटी लोकांतून एक माणूस वेगळा काढायला ३३ प्रश्न पुरतात. तुमच्या तालुक्यात हजार शिक्षक आहेत असं समजू. तिथे दहाच प्रश्न पुरे. पुरुष की बाई? अनुदानित की विनाअनुदानित? आमच्या संस्थेचे की दुसऱ्या? "गेली अठरा वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतोय" असं एक वाक्य तुम्ही लेखात लिहिलंत, तर दहापैकी सहा-सात प्रश्नांची उत्तरं तुम्हीच देऊन टाकलीत. उरलेली शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता मिळतील.

ही गोष्ट अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने १९९० च्या दशकात सिद्ध करून दाखवली. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. काळजीचं कारण नाही, असं गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचं म्हणणं होतं. स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. गव्हर्नरांच्या जन्मतारखेची माणसं शहरात सहा निघाली. त्यांत पुरुष तीन आणि गव्हर्नरांच्या पिनकोडमध्ये राहणारा फक्त एक. गव्हर्नरांचा दवाखान्याचा इतिहास समोर आला. पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री-पुरुष एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येण्याजोगी आहेत.

मोबाइलचंही तेच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. माणूस केव्हा कुठे होता, असे फक्त चार ठिपके माहीत असले तर ९५ टक्के लोक वेगळे काढता येतात, असं त्यात दिसलं. रात्री घर आणि दिवसा शाळा, हे दोन ठिपके तर तुमच्या बाबतीत सगळ्या गावाला पाठ आहेत.

लेख फाइल म्हणून पाठवला तर?

फाइलच्या पोटात काय काय असतं ते आधी पाहा. वर्डच्या किंवा पीडीएफच्या गुणधर्मांत लेखक म्हणून कॉम्प्युटरवर नोंदलेलं नाव बहुधा आपोआप चढतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर टाइप केलंत तर तिथे शाळेचं नावही असू शकतं. अमेरिकेतल्या विचिटा शहराच्या परिसरात दहा खून करून वर्षानुवर्षं पोलिसांना पत्रं पाठवणारा एक खुनी याच चुकीने गेला. फ्लॉपीवरून माझा माग लागेल का, असं त्याने पोलिसांनाच विचारलं होतं. नाही, असं उत्तर त्याला मिळालं. त्याने २००५ मध्ये फ्लॉपी पाठवली. तिच्यातल्या पुसलेल्या फाइलमध्ये एका चर्चचं नाव आणि 'डेनिस' एवढा शब्द होता. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता डेनिस रेडर. थोड्याच दिवसांत त्याला अटक झाली.

फोटोही असेच बोलके. २०१२ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या जॉन मॅकॅफी या सॉफ्टवेअर उद्योजकाचा फोटो एका नियतकालिकाने छापला. फोटोत आयफोनने नोंदलेले अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. तो ग्वाटेमालात आहे हे लगेच सगळ्यांना कळलं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर विसराच. तिथे नाव 'सत्यवादी' ठेवलंत तरी नंबर दिसतोच. तो नंबर कोणीही आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये घालायचा अवकाश, एक रुपयाही न पाठवता बँकेतलं तुमचं पूर्ण नाव पडद्यावर येतं. फोन कोणाचा ते दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तर दुसऱ्याच कोणीतरी तुम्हाला 'गणित सर, हायस्कूल' म्हणून नोंदवून ठेवलेलं असू शकतं. तिथे तुमची संमती कोणी विचारत नाही.

भाषेवरून ओळखतात का?

ओळखतात. कॉम्प्युटरआधी माणसंच ओळखतात. अमेरिकेत टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या युनाबॉम्बरचा ३५ हजार शब्दांचा निबंध 'वॉशिंग्टन पोस्ट'ने सप्टेंबर १९९५ मध्ये छापला. तो वाचून ही भाषा आपल्या टेडची आहे, हे त्याच्या भावाला आणि भावजयीला जाणवलं. थिओडोर काझिन्स्की पुढच्या एप्रिलमध्ये पकडला गेला.

जे. के. रोलिंग यांनी २०१३ मध्ये 'रॉबर्ट गॅलब्रेथ' या नावाने रहस्यकथा लिहिली. शब्दांच्या सवयी मोजणाऱ्या दोन अभ्यासकांनी कौल रोलिंग यांच्या बाजूने दिला. पण त्यांच्याकडे पुस्तक तपासायला गेलं ते गुपित आधीच फुटलं होतं म्हणून. रोलिंग यांच्या वकिलांच्या कचेरीतल्या एकाने ते बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं आणि तिथून ते ट्विटरवर एका पत्रकारापर्यंत पोचलं. तुमच्या बाबतीत सॉफ्टवेअर कोणी चालवणार नाही. पण तुम्ही दर तिसऱ्या वाक्याला 'वास्तविक पाहता' म्हणत असाल, तर तुमचे सहकारी दुसऱ्या परिच्छेदातच गालात हसतील.

मग कोणालाच जमलेलं नाही?

जमलंय. बिटकॉइनची कल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'सातोशी नाकामोटो' या नावाने जगापुढे आली. हा माणूस कोण, किंवा ही माणसं कोण, ते अजूनही सिद्ध झालेलं नाही. मीच तो, म्हणणाऱ्या एकाचा दावा लंडनच्या हायकोर्टाने २०२४ मध्ये फेटाळला. सातोशींचं यश तंत्रज्ञानाइतकंच संयमाचं आहे. त्यांनी स्वतःबद्दल जवळजवळ काही लिहिलं नाही, २०११ नंतर ते गप्प झाले, आणि त्यांची म्हणून समजली जाणारी प्रचंड रक्कम आजवर हललेली नाही. प्रसिद्धी आणि पैसा दोन्ही सोडायची तयारी किती जणांची असते?

कायद्याचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण तो हक्क अमर्याद नाही, आणि बदनामीच्या दाव्यापासून टोपणनाव वाचवत नाही. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठी २०१४ चा कायदा संसदेने मंजूर केला, पण त्यातही निनावी तक्रारीची दखल घ्यायची सोय नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. पोलिसांपासून लपणं तुमच्या आवाक्यातलं नाही, आणि तुम्ही खरं व पुराव्यानिशी लिहिणार असाल तर त्याची गरजही पडू नये. संस्थाचालकांपासून मात्र लपता येईल. त्यासाठी शाळेचा कॉम्प्युटर आणि वायफाय वापरू नका. बँकेला जोडलेला नंबर त्या खात्याला देऊ नका. माहिती अधिकारात जे स्वतःच्या नावाने मागवलंत, ते टोपणनावाने छापू नका, कारण अर्जावर तुमचं नाव आणि पत्ता आहे. ज्या बैठकीला चारच जण होते, तिथला तपशील गाळा. लेख पुरा झाला की वरच्यासारखे दहा प्रश्न स्वतःलाच विचारा आणि जे वाक्य उत्तर देतं ते काढून टाका. प्रकरण फारच गंभीर असेल, तर विश्वासू पत्रकार गाठा आणि त्याच्या नावाने बातमी येऊ द्या. आणि लेख गाजला, तर तो आपला आहे हे कोणालाही सांगू नका. बहुतेक टोपणनावं फुटतात ती तिथेच.