फुकट खेळ, महिन्याची वर्गणी आणि कंपनीचा नफा

सन २०१७ मध्ये रिलायन्स जिओने १५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर फोन देण्याचे जाहीर केले. फोनवर काही मिळवायचे नाही, मिळवायचे ते दरमहाच्या रिचार्जवर, असा तो हिशेब होता. चिमूरच्या मोबाइल दुकानदाराला तो समजावून सांगायला नको. घरावरच्या डिशचेही तसेच आहे. छत्री स्वस्त, पण रिचार्ज संपला की पडदा काळा. हाच हिशेब व्हिडिओ गेमची यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांनी फार पुढे नेला आहे. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी तो समजून घ्यावा, म्हणून हा धडा.

टीव्हीला जोडून खेळण्याची ही यंत्रे सोनी कंपनी ‘प्लेस्टेशन’ व मायक्रोसॉफ्ट ‘एक्सबॉक्स’ या नावाने विकते. एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळविलेला नाही, अशी साक्ष मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने २०२१ साली अमेरिकेतील न्यायालयात दिली. मग कंपनी जगते कशावर? खेळांच्या विक्रीवर, दुसऱ्यांच्या खेळांवरील दलालीवर आणि वर्गणीवर.

सोनीने २०१० साली ‘प्लेस्टेशन प्लस’ ही वर्गणी सुरू केली. वर्गणीदाराला दरमहा काही खेळ वेगळे पैसे न घेता मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली ‘गेम पास’ काढला. त्यात शंभरावर खेळ एकाच वर्गणीत दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे ३ कोटी ४० लाख वर्गणीदार असल्याचे कंपनीने सांगितले.

यात कंपनीचे फायदे चार.

पहिला, बांधील उत्पन्न. आपल्याकडे धान, सोयाबीन निघाले किंवा घोडायात्रा भरली की गल्ला भरतो, मग मंदी. वर्गणीचा पैसा बारा महिने येतो.

दुसरा, जुन्या मालाला उठाव. विक्री थंडावलेला खेळ वर्गणीत टाकला की तो पुन्हा चालतो. त्याची आणखी एक प्रत देण्यास खर्च जवळजवळ नाही. मात्र खेळ दुसऱ्याचा असेल तर त्याला मोबदला द्यावाच लागतो.

तिसरा, वरकड विक्री. खेळ फुकट मिळाला, तरी त्यातील जादा भाग व सामान विकत घ्यावे लागते.

चौथा, गिऱ्हाईक हलत नाही. प्लेस्टेशन प्लसमध्ये मिळालेले मासिक खेळ वर्गणी चालू असेपर्यंतच खेळता येतात. वर्गणी थांबली की ते बंद. म्हणून नवे यंत्रही त्याच कंपनीचे घेतले जाते.

आता दुसरी बाजू. विकत घेतलेली तबकडी पुन्हा विकता येते, भाड्याने देता येते. त्यात लहान दुकानदाराला चार पैसे सुटत. वर्गणीच्या खेळात हा मधला दुकानदार उरतच नाही. शिवाय दर कंपनीच्या हाती. सप्टेंबर २०२३ मध्ये सोनीने अमेरिकेतील वार्षिक वर्गणी ६० डॉलरवरून सुमारे ८० डॉलर केली. सवय लागलेले गिऱ्हाईक अशा वेळी सहज सुटत नाही.

मग आपण काय घ्यावे? उदाहरण म्हणून एक शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर घेऊ. त्याने ४० गिऱ्हाइकांकडून वर्षाला ३०० रुपये घेतले तर १२,००० रुपये आगाऊ हाती येतात. बदल्यात वर्षातून दोनदा साफसफाई व तेलपाणी मोफत, सुट्या भागांची किंमत वेगळी. गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, आणि मशीन बदलायची वेळ आली की आधी त्यालाच विचारते.

पण दोन पथ्ये पाळावीत. ‘मोफत’ म्हणून जे द्यायचे त्याचा खर्च आधी वहीत मांडावा. ८० फेऱ्यांचा वेळ व तेलाचा खर्च त्या १२,००० रुपयांतून वजा जातो, हे विसरू नये. आणि काय मिळेल, काय मिळणार नाही, केव्हा बंद होईल, हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्यापूर्वीच सांगावे. मोठ्या कंपनीचे गिऱ्हाईक रागावले तरी तिचे चालते. चिमूरच्या बाजारात दुकानदाराचा शब्द हेच त्याचे भांडवल आहे.