आजोबांच्या खाटेपाशी मुलांनाही न्या

पालकहो, गाव सोडून शहरात राहिलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी तो फोन येतोच. पलीकडे भाऊ असतो, वहिनी असते, नाहीतर शेजारचे काका. "घाबरू नकोस, पण निघ." पुढचा तासभर कसा जातो ते ज्यांनी काढलाय त्यांनाच ठाऊक. ऑफिसला कळवा, तिकिटं बघा, हाताला लागतील ते कपडे बॅगेत कोंबा, गॅस बंद केला का ते दोनदा बघा. या सगळ्या गडबडीत एक पोर दाराला टेकून उभं असतं. "आई, काय झालं?" आपण म्हणतो, "काही नाही रे, आजोबांना जरा बरं नाही. शहाण्यासारखा राहा हं." आणि त्याला शेजारी नाहीतर मावशीकडे ठेवून निघतो.

मला आज तुमच्याशी त्या पोराबद्दल बोलायचं आहे.

आपण त्याला जपतोय असं आपल्याला मनापासून वाटतं. दवाखाना, नळ्या, रडारड, हे कशाला त्या कोवळ्या जिवाला? त्यातून चाचणी परीक्षा तोंडावर आलेली. पण आईचा चेहरा पांढराफटक पडलेला त्याने पाहिलेला असतो. बाबा गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत होता, हेही त्याने ऐकलेलं असतं. खरं काय ते कुणी सांगत नाही म्हटल्यावर मूल स्वतःच काहीतरी जुळवतं, आणि ते जुळवलेलं खऱ्यापेक्षा नेहमीच भयंकर असतं.

माझं माहेर मिरजेच्या बाजूला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढे मिरज हे दवाखान्यांचंच गाव झालं. जत, अथणी, चिकोडीकडून माणसं पेशंट घेऊन येतात. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलात तर एका कानाला मराठी आणि दुसऱ्याला कानडी ऐकू येतं. माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दादाने त्यांना तिथेच आणलं. झटक्यानंतर गिळण्याची क्रिया बिघडते, घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. अण्णांचं तेच झालं आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं.

रेल्वेचं तत्काळ तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी मिळतं, वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. 'आत्ता निघ' म्हणणाऱ्या फोनला ते उपयोगाचं नाही. म्हणून मी त्याच रात्री ट्रॅव्हल्सने एकटी पुढे गेले आणि नवरा दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसने आला. एकाने पुढे जावं आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन मागून यावं, ही सोय मला फार बरी वाटते. पुढे गेलेल्याला रडायला, डॉक्टरांशी बोलायला, सावरायला थोडा वेळ मिळतो. मुलं पोचतात तेव्हा निदान एक माणूस तरी पायावर उभं असतं.

निघण्याआधी मात्र मी मुलांसमोर जमिनीवर बसले. मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत. म्हटलं, "अण्णा खूप आजारी आहेत. त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली. डॉक्टर औषधं देताहेत. ते बरे होतील की नाही हे आत्ता कुणालाच सांगता येत नाही. मला भीती वाटते आहे. उद्या तुम्ही बाबाबरोबर या." एवढंच. मुलगी रडली. मुलाने विचारलं, "मग माझ्या सहलीचं काय?" या प्रश्नाने कुणी दुखावून घेऊ नये. सहा वर्षांचं मूल असंच विचारतं, त्यात माया कमी आहे असं काही नसतं. भीती अंगावर आली की ते आपल्या हातातलं काहीतरी घट्ट धरून ठेवतं.

त्याच्या मनात खरं काय चाललं होतं ते गाडीत कळलं. मध्यरात्री कधीतरी तो बर्थवर उठून बसला आणि बाबाला म्हणाला, "रविवारी अण्णांचा फोन आला तेव्हा मी बोललो नव्हतो. मी खेळत होतो. म्हणून झालं का?" नवऱ्याने दिवा लावला, त्याला जवळ घेतलं आणि सरळ सांगितलं की नाही, तुझ्या बोलण्या-न बोलण्याने कुणाच्या डोक्यात गुठळी होत नाही, अण्णांना ब्लडप्रेशर होतं, ते कितीतरी वर्षांपासून होतं. सकाळपर्यंत त्याने हा प्रश्न आणखी दोनतीनदा विचारला आणि नवऱ्याने प्रत्येक वेळी तेच उत्तर तितक्याच शांतपणे दिलं. आता विचार करा, हा मुलगा त्या रात्री शेजाऱ्यांकडे झोपला असता तर हे कुणाला विचारणार होता?

लहान वयात आपल्या रागाने, आपल्या हट्टाने जगात काहीही घडू शकतं असं मुलांना खरोखर वाटतं. मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमध्ये तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मरणाबद्दल बोलून केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं, की पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं, जिथून माणूस परत येऊ शकतो. पाच ते नऊच्या मुलांना ते कुणीतरी येऊन घेऊन जाणारं वाटतं, म्हणजे लपलं तर चुकवता येईल असं. ते सगळ्यांना येतं आणि त्यानंतर काही उरत नाही, हे नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास उमगतं. पुढे इतरांनी यात पुष्कळ भर घातली, दुरुस्त्याही केल्या, पण एवढं खरं की सहाव्या वर्षी आणि बाराव्या वर्षी मुलाला वेगवेगळं सांगावं लागतं. 'अण्णा झोपलेत' असं धाकट्याला सांगितलंत तर तो रात्री झोपायला घाबरेल. आणि बारा वर्षांच्या मुलीला काही सांगितलंच नाहीत तर ती तुमच्या नकळत मोबाइलवर 'व्हेंटिलेटर' शोधून काढेल आणि जे वाचेल ते एकटीनेच सोसेल.

दवाखान्यात नेण्यापूर्वी मुलांना तिथे काय दिसणार ते आधी सांगा. सगळं सांगा, अगदी बारीकसारीकसुद्धा. नाकात नळी असेल, तिच्यातून त्यांना जेवण देतात. तोंडात नळी असेल, ती श्वासनलिकेत जाते, स्वरतंतूंच्या मधूनच जाते, म्हणून त्यांना बोलता येणार नाही; रागावलेत म्हणून गप्प आहेत असं नाही. हात सुजलेले दिसतील. वर टीव्हीसारखा पडदा असेल आणि तो मधूनच जोरात वाजेल. बोटाला लावलेला चिमटा सरकला तरी तो वाजतो, दरवेळी काही वाईट झालेलं असतं असं नाही. आणि हेही सांगा, की आयसीयूतल्या म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा भ्रम होतो, रात्र-दिवस कळत नाही, समोरचा ओळखू येत नाही. आजोबांनी नावाने हाक मारली नाही तर ते विसरलेत असं नाही, मेंदू दमलाय. चष्मा, कानाचं यंत्र आणि ओळखीचा आवाज यांनी अशा माणसाला फार आधार होतो. तेव्हा घरून निघताना आजोबांचा चष्मा घ्यायची जबाबदारी मुलांवर द्या.

एक गोष्ट सांगायची आम्हाला सुचली नव्हती, कारण ती आम्हालाच माहीत नव्हती. अण्णांचा चांगला हात सुती पट्टीने कठड्याला बांधलेला होता. भ्रमात माणूस तोंडातली नळी ओढून काढू पाहतो म्हणून तसं करतात. काचेच्या दारातून मुलाला पहिल्यांदा तेच दिसलं. "अण्णांना का बांधलंय?" तो मोठ्याने ओरडला. तिथल्या सिस्टरबाई, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या, बाहेर आल्या, त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "नळी काढतात की रे ते झोपेत. नळी काढली तर श्वास कसा घेतील? तू आत ये, मी सोडते, तू हात धरून ठेव." आणि खरंच त्यांनी पट्टी सोडली. पाच मिनिटं तो अण्णांचा हात दोन्ही हातांनी धरून उभा होता. मागे वळूनही पाहिलं नाही. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सगळीकडे असं घडत नाही, हे मला माहीत आहे. आयसीयूत भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, पास एकाच माणसाचा असतो, आणि संसर्गाच्या भीतीने बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना आत सोडत नाहीत. त्यावर भांडू नका, पण विचारा जरूर. शांतपणे विचारलंत तर दारापर्यंत तरी सोडतात. तेही नाही जमलं तर मुलाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पेशंटच्या कानाशी लावता येतो, चित्र काढून खाटेजवळ लावता येतं. बाहेरच्या बाकावर बसलेलं मूलसुद्धा आजोबांसाठी आलेलं असतं, आणि त्याला ते कळतं. शिवाय मूल स्वतः 'मला आत नको' म्हणालं तर तेही मान्य करा. ओढून आत नेणं मला मुळीच पसंत नाही.

बाहेरच्या बाकावर मात्र मोठ्या माणसांनी तोंड सांभाळायला हवं. बिल किती झालं, कोण किती देणार, कुणी आजवर काय केलं, हे सगळं मुलं कान टवकारून ऐकतात. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत मिळकतीची अट न ठेवता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेत असलेल्या दवाखान्यांतच. आरोग्यमित्र बसतो त्या टेबलावर पहिल्याच दिवशी चौकशी केलीत तर बाकावरचे अर्धे वाद होणारच नाहीत. आणखी एक. चोरून चमचाभर पाणी किंवा तीर्थ पाजायचा मोह कुणीही करू नये. आमच्याकडे एक आत्या पदराआड बाटली घेऊन आल्या होत्या, आणि त्यांना अडवलं ते माझ्या मुलीने. तिला डॉक्टरांनी आदल्या दिवशी गिळण्याचं सगळं समजावून सांगितलं होतं.

अण्णा त्या दुखण्यातून उठले नाहीत. ते वारले तेव्हा मुलं मिरजेतच होती. मी त्यांना 'वारले' असंच सांगितलं, आणि त्याचा अर्थही: श्वास थांबला, हृदय थांबलं, आता त्यांना दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत. देवाघरी गेले असं आजी म्हणाली, तेही मी अडवलं नाही, तिची श्रद्धा आहे. घरी परतल्यावर मुलगा कितीतरी दिवस कापडी अस्वलाला दोऱ्याची नळी लावून 'सलाईन' चढवत बसायचा. कुणी पाहुणी म्हणाली, "हे काय अभद्र!" मी तिला म्हटलं, खेळू दे त्याला. मुलं दुःख खेळून बाहेर काढतात. मधूनच पोटात दुखतं, अंथरूण ओलं होतं, आईला एक मिनिट सोडवत नाही, हे सगळं व्हायचंच. वर्गशिक्षिकेला चार ओळी लिहून कळवा, म्हणजे शाळेत कुणी उगाच ओरडणार नाही. महिना-दोन महिन्यांत कमी झालं नाही तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका.

दहावी-बारावीच्या मुलांचं काय, असं मला नेहमी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: त्यांनाही सांगा. जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, पण परीक्षा संपेपर्यंत बातमी दडवून ठेवू नका. पेपर पुरवणी परीक्षेत पुन्हा देता येतो. आणि 'माझ्यापासून लपवलं' हा सल सोळा वर्षांच्या मुलाच्या मनातून जात नाही. पन्नाशीतली माणसं ही गोष्ट सांगताना अजून रडताना मी पाहिली आहेत.

एक गोष्ट आई-वडील धडधाकट असतानाच करायची आहे. व्हेंटिलेटर किती दिवस, कुठवर लढायचं, हे त्यांना स्वतःला काय वाटतं ते विचारून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवायला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. अण्णांनी लिहिलं नव्हतं, पण आईपाशी बोलले होते, आणि त्या बोलण्याने आम्हा भावंडांना फार मोठ्या भांडणातून वाचवलं. हे बोलणं चाललेलं असताना नातवंडं त्या खोलीत असली तरी चालेल.

पालकहो, तो फोन आला की बॅग भरायला लागण्याआधी दहा मिनिटं मुलांपाशी बसा. आजोबा, आजी किती आजारी आहेत ते त्यांना झेपेल त्या शब्दांत, पण खरं सांगा. आणि शक्य असेल तर तिकिटं काढताना त्यांचीही काढा.