अचानक भोवळ आली तर?



मागील उपवासकाळात क्रूसाच्या वाटेच्या भक्तीवेळी एक भगिनी मागच्या रांगेत कोसळली. कोणी कांदा हुंगवू लागले, कोणी तोंडात पाणी ओतू लागले, तर कोणी ‘बाहेरचे काही असेल’ असे पुटपुटले. दोन मिनिटांत ती शुद्धीवर आली. सकाळपासून ती उपाशी होती व बराच वेळ एकाच जागी उभी होती. त्या वेळी आम्हीही गोंधळलो. म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. घर गरगर फिरल्यासारखे वाटणे ही चक्कर. अंथरुणात कूस बदलताच ती काही क्षण येत असेल, तर दोष बहुधा कानाच्या आतील भागात असतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध जाणे ही भोवळ; मेंदूला रक्त क्षणभर कमी पडले की ती येते.

भोवळ येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण साधे असते. फार वेळ उभे राहणे, भीती, वेदना किंवा रक्त पाहणे यांमुळे नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. जुलाब झालेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे व वृद्ध यांना झटकन उठताना असे होते. त्यांनी आधी बसावे, मग उठावे. मधुमेहाची औषधे घेऊन उपाशी राहिल्यास साखर उतरते. स्त्रियांत रक्तक्षय, आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी बांधवांत सिकलसेल, हीही कारणे तपासावीत.

आपल्या हजीऱ्याकडे उन्हाबरोबर खाडीची दमट हवा असते. घाम येतो, पण वाळत नाही. त्यामुळे शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर १४ माणसे उष्माघाताने दगावली. तेव्हा ऊसतोड वा कापणी सकाळी लवकर उरकावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावे. अंग तापून माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

फवारणीनंतर आलेली चक्कर कधीही उन्हाची म्हणून सोडू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. लाळ गळणे, दरदरून घाम, उलटी, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, स्नायू फडफडणे ही त्याची लक्षणे. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे व औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवावी. विष कोणते हे कळले की उतारा लवकर देता येतो.

धोका केव्हा समजावा? काम करताना किंवा पडल्या-पडल्या शुद्ध गेली, छातीत दुखले, धडधडले, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाचा आलेख काढलाच पाहिजे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे हा पक्षाघात होय. तेथे मिनिटामिनिटाला किंमत असते. गरोदर स्त्रीची भोवळही डॉक्टरांना सांगावी. अशा वेळी १०८ ला फोन करावा.

कोणी पडल्यास त्याला आडवे निजवावे, पाय उंच करावेत, गळ्याशी कपडे सैल करावेत व गर्दी हटवावी. शुद्ध नसताना तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. झटके येत असतील तर कुशीवर वळवावे. श्वास चालत नसेल, तर छाती दाबण्यास लगेच सुरुवात करावी. शुद्ध आल्यावरच पाणी द्यावे. मधुमेही असल्यास साखर द्यावी.

शेवटी एक विनंती. मुलीचे लग्न मोडेल किंवा कारखान्यातील नोकरी जाईल, या भीतीने पुष्कळ घरे अशी गोष्ट लपवतात. परंतु लपवलेली भोवळ पुढच्या वेळी विहिरीच्या काठावर किंवा ट्रॅक्टरवर येऊ शकते. आजारी व वृद्ध माणसांना उपवासातून सूट आहे, हेही विसरू नये. ती भगिनी तपासून घेण्यास गेली, तिचे रक्त कमी निघाले, आणि आज ती औषधाने बरी आहे.