उंदराच्या मेंदूत आधी गोंगाट होतो

अगं, 'उंदरांवर प्रयोग यशस्वी, अल्झायमर बरा होणार' असं पेपरातलं कात्रण पाठवलंस आणि खाली विचारलंस, हे औषध सोलापुरात कधी मिळेल? सासूबाई मधल्या मारुतीला बाजाराला गेल्या आणि परतीची वाट लोकांना विचारत बसल्या, तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय, हे कळतंय मला. म्हणूनच गोड बोलत नाही, खरं तेच सांगते. उंदीर बरे झाल्याच्या बातम्या कित्येक वर्षं येताहेत. त्यांच्या भरवशावर बसू नकोस. त्या उंदरांकडून शिकायचं ते वेगळंच आहे.

मुळात उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. ज्या घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो, त्यांच्यातला सदोष जनुक शास्त्रज्ञ उंदरात घालतात. मग त्याच्या मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला लागतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ, रेड्डी पीरा कोम्मड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर अगदी लहान वयात तपासले. 2018 साली त्यांनी जे छापलं ते वाचून मी चरकले. एका पेशीचा निरोप दुसरी पेशी ज्या बारीक टोकांवर घेते, त्या टोकांचा आतला सांगाडा महिन्याभराच्या पिलातच ढासळायला लागला होता. दोन महिन्यांचं झाल्यावर, ज्या पेटीत आधी शॉक बसला होता तीच पेटी त्याला नीट आठवेना. अमायलॉइडचे थर तर तेव्हा मेंदूत दिसतही नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. आपल्याला वाटतं, विसरायला लागलं म्हणजे पेशी मंदावल्या असणार. म्युनिकच्या संशोधकांनी 2008 मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावून पाहिलं, तर काही पेशी गप्प होत्या खऱ्या, पण थरांच्या जवळच्या कितीतरी पेशी गरजेपेक्षा जास्त बडबडत होत्या. पुढे 2012 मध्ये त्यांनाच आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात असाच प्रकार थर जमण्याआधीच दिसला. पेशींना आवरणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात, हे त्याचं एक कारण. यंत्रमागाच्या शेडमध्ये कुणी हाक मारली तर ऐकू येते का? माग बंद असतात म्हणून नव्हे, सगळे एकदम चालू असतात म्हणून ती हरवते. स्मृतीचं सुरुवातीला तसंच होतं.

माणसातही याचा माग लागलाय. विसराळूपणाच्या पहिल्या पायरीवरच्या लोकांचा हिप्पोकॅम्पस असाच अति तापलेला असतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2012 मध्ये फिटच्या औषधाची अगदी थोडी मात्रा देऊन तो शांत केला, तेव्हा स्मरणाच्या चाचणीत सुधारणा दिसली. प्रयोग छोटा होता हं. मेडिकलमधून फिटची गोळी आणून सासूबाईंना देशील तर माझ्याशी गाठ आहे! आणि लेकॅनेमॅब या ज्या नव्या औषधाला अमेरिकेने 2023 मध्ये पूर्ण मान्यता दिली, तेही घसरण जरा मंदावतं इतकंच. गेलेलं परत आणत नाही, वर मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती.

तर आधी सासूबाईंचं बघ. त्यांना अल्झायमर आहे हे ठरवलं कुणी? बी-12 कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, मन खचलं, तरी माणूस असाच विसरतो, आणि यातलं बरंच उपचाराने सुधारतं. रक्त तपासून घे, मग मेंदूविकारतज्ज्ञांना दाखव. म्हातारपणी असं व्हायचंच, असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत सातहून जास्त माणसांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण अंदाजे 88 लाख. लाजण्यासारखं त्यात काही नाही. त्या अजून विड्या सुरेख वळतात ना? वळू देत. तंबाखू नको वाटत असेल तर वाती वळायला दे. हाताची सवय मेंदूच्या वेगळ्या भागांत असते आणि ती बरीच टिकते.

त्या तेलुगूत बोलायला लागल्या की मुलं 'मराठीत बोल' म्हणून टोकतात, ते मात्र बंद कर. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 648 रुग्ण पाहिले. दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश साडेचार वर्षं उशिरा झालेला आढळला, निरक्षरांनासुद्धा! इतर ठिकाणच्या सगळ्या अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलेलं नाही, पण मराठी, कानडी, तेलुगू एका गल्लीत ऐकणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना ही शिदोरी फुकट मिळालीय.

आता तुझं नि यजमानांचं. माणसाच्या मेंदूत अमायलॉइड साचायला लागतं ते विसरण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. म्हणजे काळजी घ्यायचं वय तुमचं आहे, सासूबाईंचं नव्हे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपणा ही त्यातलीच. ऐकू कमी येणं हे तर त्यातल्या मोठ्यांपैकी एक. यजमानांनी वीस वर्षं मागावर काढलीत, टीव्हीचा आवाज कुठवर गेलाय ते तूच सांगतेस. मी तर म्हणेन, कानाचं यंत्र लावायला लाजणारा पुरुष हा उंदरावरच्या औषधापेक्षा मोठा प्रश्न आहे!

शेंगा चटणीत मीठ थोडं कमी घाल, दोघांचा रक्तदाब मोजून घे, आणि यजमानांना याच महिन्यात कानाच्या डॉक्टरांकडे ने. नाही म्हणाले तर मला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी.