नियती, पूर्वकर्म आणि प्रयत्न

मनुष्याचे वर्तन त्याच्या हाती असते, की ते आधीच ठरलेले असते? हा वाद बुद्धकाळातही होता. आजीवकांचे आचार्य मक्खली गोसाल यांचे मत दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रूच्या तोंडून येते. फेकलेला सुताचा गुंडा जसा उलगडत जाऊनच संपतो, तसे शहाणे व मूर्ख दोघेही ठरलेले फेरे पुरे करूनच दुःखातून सुटतात. पुरुषार्थ म्हणून काही नाही. अंगुत्तरनिकायात भगवान बुद्धांनी या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली आहे : थंडीत गार, उन्हाळ्यात तप्त.

परंतु नियतिवाद अन्य वेशांतही वावरतो. सारे सुखदुःख पूर्वकर्माने घडते, ईश्वरनिर्मितीने घडते, किंवा विनाकारण घडते, ही तिन्ही मते तथागतांनी नाकारली. तसे मानले तर ‘हे करावे, हे करू नये’ या बोलण्यालाच आधार राहत नाही. संयुत्तनिकायात सीवक परिव्राजकाला ते सांगतात की वेदना पित्ताने, कफाने, वाताने, ऋतुबदलाने आणि आघातानेही उद्भवते, आणि हे प्रत्येकाला स्वतः पाहता येते.

आपल्या समाजासाठी हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नव्हता. अस्पृश्यतेला ‘मागच्या जन्मीचे पाप’ म्हटले की अन्याय करणारा मोकळा होतो. १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या सिद्धान्तातील ही सोय नेमकी उघडी पाडली.

मग इच्छा सर्वस्वी स्वतंत्र आहे काय? तसेही नाही. प्रतीत्यसमुत्पादानुसार मनही कारणांनीच घडते. अपमान होताच वेदना उठते, ती आपल्या हाती नसते. मात्र वेदनेपासून तृष्णेपर्यंत जाताना स्मृती, म्हणजे जागरूकता, जागी असेल तर पुढची साखळी तुटू शकते. ही जागरूकता सरावाने येते. बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले, ते याच अर्थाने मोलाचे वाटते.

एखादा मुलगा गणितात मागे पडतो. ‘त्याच्या नशिबातच विद्या नाही,’ असे घरचे म्हणतात. ‘मन लावत नाही,’ असे शिक्षक म्हणतात. दोघेही कारण शोधण्याआधीच निकाल देतात. कदाचित त्याला फळ्यावरचे दिसत नसेल, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्याने त्याचे वर्षातले काही महिने बुडाले असतील. चष्मा मिळाला, बुडालेले पाढे कोणी पुन्हा शिकवले, रात्री अभ्यासाला दिवा मिळाला, की मग ‘आता तू प्रयत्न कर’ असे त्याला सांगण्याचा आपल्याला अधिकार येतो.