आतिथ्य व्यवसाय आणि ग्रामीण तरुणांचा आत्मविश्वास

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. किनाऱ्यावरील गावांत पाहुण्यांची वर्दळ वाढली, तिच्याबरोबर निवासगृहे, उपाहारगृहे आणि घरगुती निवासाच्या सोयीही वाढल्या. ग्रामीण तरुण-तरुणींना रोजगाराचे एक दालन खुले झाले. परंतु दालन खुले होणे आणि त्यात पाय स्थिरावणे या दोन निराळ्या गोष्टी होत. हॉटेलात कामाला लागलेला गावाकडचा मुलगा पुष्कळदा काही महिन्यांतच घरी परततो. अपुरे वेतन, रात्रीच्या पाळ्या, राहण्याची गैरसोय ही कारणे त्यामागे असतात व त्यांची दखल घेतलीच पाहिजे. याखेरीज आणखी एक कारण असते, जे काम सोडताना कोणी बोलून दाखवीत नाही. पाहुण्यांसमोर उभे राहताना वाटणारी भीती हे ते कारण होय.

इंग्रजी येत नाही म्हणून मुलगा बुजतो, असे निदान सर्रास केले जाते आणि त्यावर संभाषणवर्गाचा उतारा सुचविला जातो. भाषा उपयोगी आहे यात शंका नाही. तथापि, अस्खलित बोलणारा नवखा माणूसही हातातले काम ठाऊक नसेल तर तितकाच गोंधळतो. उलट, ज्याचा हात कामात बसला आहे तो मोडक्यातोडक्या हिंदीवरही निर्धास्त असतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केलेले विवेचन येथे मार्गदर्शक ठरते. अमुक काम मला जमेल, हा विश्वास चार वाटांनी येतो असे त्यांनी मांडले. काम स्वतः यशस्वीपणे करून पाहणे, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने धीर देणे, आणि छातीतील धडधडीचा आपण लावलेला अर्थ, या त्या चार वाटा. त्यांतील पहिली सर्वांत बळकट. उत्तेजनपर भाषणांनी फारसे साधत नाही, ते यामुळेच.

या व्यवसायातील जुन्या पद्धती पाहिल्या की त्या किती विचारपूर्वक बसविल्या आहेत हे ध्यानात येते. खोली आवरणाऱ्यास शिकविले जाते की दारापासून आरंभ करून एकाच दिशेने खोलीभर फिरावे. मग काही सुटले का, ही धाकधूक उरत नाही. वाढप्याने पाहुण्याची मागणी लिहून घेतल्यावर ती त्यास वाचून दाखवावी, असा नियम आहे. त्यामुळे चुका टळतात हा एक लाभ झाला. परंतु नवख्या मुलाला पाहुण्याशी बोलण्यास एक ठरलेले, निर्भय वाक्य मिळते, हा दुसरा लाभ अधिक मोठा आहे. टेबलावरील सर्व मांडामांड पाहुणे येण्यापूर्वी पूर्ण करावी, हा दंडकही तसाच. ऐन गर्दीत मीठदाणी शोधत फिरणाऱ्या माणसाचा धीर सुटतो, तो मुळात दुबळा असतो म्हणून नव्हे. पहिल्या आठवड्यात पाणी देणे व टेबल आवरणे, नंतर दोन टेबलांची जबाबदारी, त्यानंतर चार, अशा क्रमाने काम सोपविले तर प्रत्येक दिवस थोडे यश पदरी टाकून जातो.

तक्रारीचा प्रसंग मात्र खरी कसोटी घेतो. पाहुण्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकावे, दिलगिरी व्यक्त करावी, काय करणार व किती वेळात हे सांगावे, आणि ते झाल्यावर पुन्हा जाऊन विचारावे. “मला ठाऊक नाही, विचारून लगेच सांगतो,” हे वाक्य उच्चारण्यात कमीपणा नाही, हेही शिकवावे लागते. येथे वरिष्ठांची जबाबदारी येते. कनिष्ठाला पाहुण्यांदेखत झापणाऱ्या व्यवस्थापकाने महिनाभराचे प्रशिक्षण एका मिनिटात वाया घालविलेले असते.

२००८ च्या नोव्हेंबरमधील हल्ल्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील कर्मचाऱ्यांनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून पाहुण्यांना वाचविले. त्यांच्या या वर्तनाचा पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी शोध घेतला. ही संस्था कर्मचारी मुख्यत्वे लहान शहरांतून निवडते, त्यांना दीर्घ प्रशिक्षण देते आणि पाहुण्याच्या हिताचा निर्णय वरिष्ठांना न विचारता घेण्याची मुभा देते, असे त्यांना आढळले. लहान गावातून येणे ही उणीव समजणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आणखी एक अडसर आपल्या घरातच आहे. दुसऱ्याचे उष्टे ताट उचलणे म्हणजे हलकेपणा, ही समजूत घेऊन मुलगा हॉटेलात जातो आणि पहिल्याच दिवशी मनातून खचतो. ज्या घरात जेवण झाल्यावर ताट तेथेच सोडून पुरुषांनी उठायचे व बायकांनी ते उचलायचे अशी रीत आहे, त्या घरात ही समजूत आपोआप रुजते. शालेय स्नेहभोजनात वाढणे व ताटे उचलणे मुलग्यांकडे सोपविले, तर शिक्षकांना वेगळ्या प्रवचनाची गरज पडणार नाही.

घरगुती निवासाची सोय करणाऱ्या कुटुंबांची अडचण निराळी असते. तेथील गृहिणीला स्वयंपाकाचा सराव उभ्या आयुष्याचा. तरीही “आमचं आपलं साधंच आहे हो,” असे म्हणत ती ताट पुढे करते. सकाळी घावणे व ओल्या नारळाची चटणी देण्याऐवजी दुकानातून पाव आणून ऑम्लेट केले जाते, आणि घावण्यांसाठी इतक्या दूर आलेला पाहुणा खट्टू होतो. कुळथाची पिठी, सोलकढी, आंबोळी यांविषयी दोन वाक्ये सांगता यावीत: कुळीथ कोठे पिकले, आमसुले कशी वाळविली. ज्याची माहिती आपल्यालाच आहे ते सांगताना जीभ अडखळत नाही.

ग्रामपंचायतींना येथे थोड्या खर्चात बरेच करता येईल. नव्या यजमान कुटुंबाकडे पहिले पाहुणे गावातलेच पाठवावेत. सरपंच, मुख्याध्यापिका, आरोग्यसेविका यांनी परक्यासारखे वागावे, रात्री उशिरा पोहोचावे, गरम पाणी मागावे, एखादी तक्रार करावी आणि दुसऱ्या दिवशी काय चांगले होते व काय सुटले ते यजमानांना एकांतात सांगावे. शेजारच्या गावात हा व्यवसाय सांभाळणाऱ्या एखाद्या बचत गटाकडे दोन दिवस राहून येण्याची व्यवस्था केली तर उत्तमच. आपल्यासारखीच बाई हिशेब चोख मांडताना पाहिली की निम्मी धास्ती सरते.

पैसे मागण्याचा संकोच मात्र सर्वांत शेवटी जातो. घरी जेवलेल्या माणसाकडून पैसे घेणे आपल्या संस्कारांना जड वाटते. मग पाहुणा निघताना “काय द्यायचे ते द्या” असे म्हटले जाते आणि दोन्ही बाजू अवघडतात. यासाठी खोलीचे, न्याहारीचे व जेवणाचे दर लिहिलेला फलक ओसरीवर लावावा, आणि पाहुणा आल्या आल्या, चहा देतानाच, तो त्यास दाखवावा.